पुणे आणि परिसरातील घुबडे: शोध, निरीक्षण आणि छायाचित्रण

नदीकाठी | ३ डिसेंबर, रात्री १०.१५

मंडळी, थंडी सुरू झाली की दरवर्षी ओळखीतले दोन-चार जण तरी मला विचारतात की घुबड पाहायचे आहे, कुठे जावे. बहुतेकांच्या मनात सिंहगडाच्या पायथ्याची झाडी, हातात मोठी विजेरी आणि मध्यरात्रीची वेळ असते. अकरा वर्षे पुण्यात आणि आसपास घुबडे पाहिल्यावर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. घुबड मध्यरात्री शोधायचे नसते. ते मावळतीच्या वेळी, आपल्याच वस्तीतल्या एखाद्या जुन्या झाडावर, आवाजावरून हेरायचे असते आणि एकदा सापडले की महिनोन्‌महिने त्याच झाडापाशी परत परत जायचे असते. या धाग्यात इतरांचेही अनुभव यावेत, म्हणून सुरुवात मी करतो.

पहिली ओळख पिंगळ्याशी करून घ्यावी. जेमतेम २१ सेंटीमीटरचा, म्हणजे साळुंकीएवढ्याच उंचीचा पण अंगाने गुबगुबीत असा हा पक्षी शहरात सर्वत्र आहे. राखी-तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, पिवळे डोळे आणि त्यांवर पांढऱ्या भुवया. तो जोडीने राहतो आणि बहुधा वर्षभर आपली जागा सोडत नाही. तिन्हीसांजेला किंवा पहाटे झाडावरून अचानक कर्कश चिरचिराट सुरू झाला आणि दोन आवाज एकमेकांवर चढत गेले, तर ते पिंगळ्यांचे जोडपे समजावे. अनेक जण वर्षानुवर्षे हा आवाज ऐकत असतात आणि साळुंक्या भांडत आहेत असे समजून सोडून देतात.

दिवसा शोधायचे तर आधी झाडाखालची जमीन पाहावी, झाड नंतर पाहावे. वड, पिंपळ, चिंच, आंबा, पर्जन्यवृक्ष अशा जुन्या झाडांची मोठी फांदी मोडते, तो भाग कुजतो आणि तिथे ढोली तयार होते. अशा ढोलीच्या खाली बुंध्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ असतील आणि पायथ्याशी अंगठ्याच्या पेराएवढ्या, राखी, कोरड्या गोळ्या (न पचलेली हाडे, केस आणि किड्यांची कवचे घुबड अशा गोळीच्या रूपात तोंडावाटे टाकते) पडलेल्या असतील, तर तिथे कोणीतरी राहत आहे. पिंगळ्याच्या गोळीत भुंग्यांच्या कडक पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात, कारण त्याच्या आहारात किड्यांचा वाटा मोठा असतो. दुसरी खूण इतर पक्ष्यांकडून मिळते. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून कलकलाट करू लागल्या, तर त्या फांदीवर साप, मांजर किंवा घुबड यांपैकी काहीतरी नक्की असते. मी निम्म्याहून अधिक जागा अशा कलकलाटावरूनच शोधल्या आहेत.

सध्या मी ज्या जोडीकडे जातो ती एका शाळेच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षावर आहे. तिथला क्रम आता मला पाठ झाला आहे. सूर्यास्तानंतर साधारण दहा-बारा मिनिटांनी ढोलीच्या तोंडाशी एक डोके येते. मग तो पक्षी बाहेर फांदीवर बसतो, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय सावकाश ताणतो, पुन्हा दुसरी बाजू ताणतो. परवा मी पाहत असताना त्याने मान लांब केली, चोच दोन-तीनदा उघडली, डोके जोराने हलवले आणि एक गोळी खाली टाकली. ती गोळी माझ्यापासून चार हातांवर वाळलेल्या पानांवर पडली, तेव्हा ती ओलसर आणि काळपट होती. घटकाभरात जोडीदार बाहेर आला आणि दोघे एकमेकांच्या डोक्यावरची पिसे चोचीने विंचरू लागले. हे सगळे रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, खालून रिक्षा जात असताना चालले होते.

पिंगळ्याने माणसाला पाहिले की तो डोके वरखाली आणि बाजूला हलवतो. पुष्कळांना ते नाचणे वाटते. खरे म्हणजे घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, त्यामुळे समोरच्या वस्तूचे अंतर जोखण्यासाठी त्याला सगळे डोकेच हलवावे लागते. आपल्याकडे बघून तो सतत डोके हलवू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि चार पावले मागे सरकावे. एरवी त्याची मान सुमारे २७० अंशांपर्यंत फिरते, पण तो चमत्कार पाहण्यासाठी मुद्दाम त्याच्या मागे जाऊन टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नये.

शमी | ४ डिसेंबर, सकाळी ७.५०

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आम्ही कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्याभरात रात्री अडीच-तीनच्या सुमारास स्वयंपाकघराच्या मागच्या डक्टमधून कोणीतरी घसा फाडून किंचाळल्यासारखा, लांबलेला, खरखरीत आवाज येतो. माझ्या सासूबाई घाबरल्या आहेत, कारण त्यांच्या गावी घुबड घरावर ओरडणे अशुभ मानत असत. काल रात्री मी खिडकीतून पाहिले, तर एक मोठा पांढरा पक्षी अगदी आवाज न करता वर गेला. पंखांची फडफडसुद्धा ऐकू आली नाही. हे घुबडच असेल का? आणि त्याच्यामुळे घरातल्या लहान मुलाला काही अपाय होईल का?

कौलारू | ४ डिसेंबर, रात्री ९.०५

शमी, तुमच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबड आहे यात मला शंका वाटत नाही. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळे डोळे, वरून सोनेरी-राखी आणि खालून पांढरे अंग, उंची साधारण ३५ सेंटीमीटर. गोठ्यातल्या गव्हाणीवरून त्याला हे नाव मिळाले आणि आता गोठे गेले, तसे ते आपल्या इमारतींच्या डक्टमध्ये, लिफ्टच्या खोलीत आणि एसीच्या मागच्या कोनाड्यात राहायला आले. मुलाला त्याच्यापासून काहीही अपाय नाही. फक्त पिल्ले असताना डक्टमध्ये हात किंवा डोके घालू नये, कारण आई-बाप तेव्हा नख्या मारू शकतात.

फडफड ऐकू आली नाही, हे तुमचे निरीक्षण फार नेमके आहे. घुबडाच्या पंखातील बाहेरच्या पिसांच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, पिसांचा पृष्ठभाग मखमली असतो आणि मागची कड झालरीसारखी मऊ असते. त्यामुळे हवा कापली जाताना होणारा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. याचा उपयोग फक्त सावजाला चाहूल लागू नये एवढाच नाही. उडत असताना स्वतःच्या पंखांच्या आवाजात उंदराची खुसफूस बुडू नये, हाही आहे. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात, एक थोडा वर आणि एक खाली असतो. आवाज दोन कानांना किंचित वेगळा पोहोचतो आणि त्यावरून सावज नेमके कुठे आहे हे त्याला मिट्ट काळोखातही कळते.

आमच्या सोसायटीत सहा वर्षांपूर्वी हाच प्रसंग आला होता. डक्टमधला वास, विष्ठा आणि रात्रीचे किंचाळणे यांमुळे सर्वसाधारण सभेत घरटे काढून टाकण्याचा ठराव मांडला गेला. मी सभेला एक जुना डबा घेऊन गेलो. डक्टच्या तळाशी पडलेल्या गोळ्या मी कोमट पाण्यात भिजवून, चिमट्याने सोडवून, हाडे कागदावर मांडून ठेवली होती. गव्हाणी घुबडाची गोळी अंगठ्याएवढी, काळी आणि वाळल्यावर लाखेसारखी चकचकीत दिसते. एकाच गोळीतून उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या होत्या, पिवळसर-नारिंगी, वाकड्या पटाशीच्या दातांसह. दुसरीत चिचुंदरीची लांबट, निमुळती कवटी होती. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी ती कवटी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली आणि ते म्हणाले, "म्हणजे हा आपला रात्रीचा राखणदार झाला की." ठराव बारगळला. पुढे आम्ही डक्टमध्ये घरट्याच्या खाली एक पत्र्याचा ट्रे बसवला, तो महिन्यातून एकदा दिवसा साफ होतो. वासाची तक्रार तेवढ्यावर मिटली.

तुमच्या सासूबाईंना घाबरवणारा आवाज हा पिल्लांचा अन्न मागण्याचा किंवा मोठ्या पक्ष्याचा आपल्या हद्दीचा इशारा असतो. आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्याच परंपरेत पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा नावाचा भिक्षेकरी होता, आणि त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते, त्यावरून तो भविष्य सांगतो अशी समजूत होती. घुबड लक्ष्मीचे वाहन मानले जाते. म्हणजे भीती ही या पक्ष्याबद्दलची आपली एकमेव परंपरा नाही. माझ्या आईला हे सांगितल्यावर तिचा सूर बदलला होता.

माळरान | ६ डिसेंबर, रात्री ११.२०

शहराबाहेरच्या घुबडांविषयी थोडे लिहितो. पुण्याच्या चहूबाजूंच्या डोंगर-उतारांवर, घळींत, नाल्यांच्या काठी आणि बंद पडलेल्या दगडखाणींत शृंगी घुबड राहते. अर्ध्या मीटरहून मोठा पक्षी, डोक्यावर पिसांची दोन शिंगे, नारिंगी डोळे आणि खोल घुमणारा, दोन सुरांचा हुंकार. तो घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत किंवा उताराच्या जमिनीवर, एखाद्या दगडाच्या वा झुडपाच्या आडोशाला मादी थेट मातीत अंडी घालते. हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा, म्हणजे आत्ताचाच. शेतातले उंदीर आणि घुशी हे याचे मुख्य अन्न असल्यामुळे जिरायती शिवाराच्या कडेला याची जोडी असणे ही शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे.

या पक्ष्याबद्दल गैरसमज दूर करण्याचे मोठे काम पुण्यातच झाले आहे. पक्षी अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि त्यांची इला फाउंडेशन ही संस्था यांनी पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ साली नोव्हेंबरअखेर घुबड महोत्सव भरवला. पुढच्याच वर्षी जागतिक घुबड परिषद सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात झाली. शेताच्या बांधावर बसलेल्या घुबडाला दगड मारायचा नसतो, हे शाळेतल्या मुलांनी घरी जाऊन सांगणे, हे कोणत्याही फलकापेक्षा अधिक परिणामकारक असते असे मला वाटते.

आता एक दुःखद गोष्ट, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. चार वर्षांपूर्वी जानेवारीत मला एका खाणीत शृंगी घुबडाचे घरटे सापडले. मी समोरच्या कड्यावरून, शंभरेक मीटर अंतरावरून पाहत असे. मादी तीन अंड्यांवर बसलेली होती. मी एक छायाचित्र आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि कोणीतरी खाजगीत विचारले म्हणून जागा सांगितली. पुढच्या रविवारी खाणीच्या काठावर नऊ गाड्या उभ्या होत्या. एक जण चांगला कोन मिळावा म्हणून घरट्याच्या वरच्या कडेवर उतरला आणि मादी उडाली. दुपारचे साडेअकरा वाजले होते, खडक तापलेला होता. लोक हलेपर्यंत ती परतली नाही आणि तोवर कावळे आले होते. त्यानंतर त्या हंगामात ती जोडी मला तिथे दिसली नाही. ते छायाचित्र माझ्याकडे अजून आहे, पण मी ते पुन्हा कोणाला दाखवलेले नाही. तेव्हापासून मी कोणत्याही घरट्याची जागा कोणालाही सांगत नाही, आणि या धाग्यावरही कोणी सांगू नये अशी माझी विनंती आहे.

पहिली_लेन्स | ७ डिसेंबर, दुपारी १.३०

माळरान, तुमचा अनुभव वाचून फार वाईट वाटले. तरीही एक अडचण मांडतो. मी या वर्षीच कॅमेरा घेतला आहे. ज्येष्ठ मंडळी जागा सांगत नाहीत, तेव्हा आमच्यासारखे नवे लोक पैसे घेऊन फिरवणाऱ्यांकडे जातात, आणि तिथे मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढला जातो, तोंडावर विजेरी मारली जाते. मी स्वतः अशा एका फेरीला गेलो होतो. शिंगळा या लहान जातीच्या घुबडाचा आवाज सलग वीस मिनिटे वाजवला गेला, पक्षी आला, सगळ्यांनी फ्लॅश मारले. मला छायाचित्र मिळाले, पण परतताना समाधान नव्हते. जागाच कळली नाही तर नीट वागायला आम्ही शिकायचे कुठे? मी वाद घालण्यासाठी विचारत नाही, मला खरोखर उत्तर हवे आहे.

नदीकाठी | ७ डिसेंबर, रात्री १०.४०

पहिली_लेन्स, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे ओझे आम्हा जुन्या लोकांवर आहे हे मी मान्य करतो. माझे उत्तर असे आहे की जागा सांगू नये, माणूस सोबत न्यावा. पिंगळ्याचे झाड मी कोणालाही दाखवीन, कारण तो माणसांच्या गजबजाटाला सरावलेला पक्षी आहे आणि एका वेळी दोन जण गेले तर त्याचे काही बिघडत नाही. तुम्ही पुण्यात असाल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, पुढच्या शनिवारी आपण शाळेच्या आवारात परवानगी घेऊन जाऊ. शृंगी घुबडाच्या किंवा वनघुबडाच्या घरट्याशी मात्र मी तुम्हाला नेणार नाही, आणि पाच वर्षांनी तुम्हीही कोणाला नेणार नाही अशी माझी खात्री आहे. नोंदी जरूर कराव्यात. निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांपैकी ईबर्डवर यादी सार्वजनिक न करता ठेवता येते आणि आयनॅचरलिस्टवर नेमके स्थान झाकता येते. समाजमाध्यमांवर चित्र टाकण्यापूर्वी फाइलमधली जीपीएसची माहिती काढून टाकावी आणि चित्रात ओळखीचे मंदिर, टॉवर किंवा कमान दिसत असेल तर तेवढा भाग कापावा. जागा पुष्कळदा मागच्या टॉवरवरूनच ओळखली जाते.

आवाज वाजवण्याबद्दल माझे मत कठोर आहे. आपण मोबाईलवर वाजवतो तो आवाज म्हणजे त्या पक्ष्याच्या दृष्टीने त्याच्या घरात घुसलेला परका नर असतो. तो शिकार सोडून, कधीकधी पिल्ले सोडून, न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. वीस मिनिटे म्हणजे त्याच्या रात्रीतला शिकारीचा मोलाचा वेळ. सर्व घुबडांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, पण प्रत्येक झाडाखाली कायदा उभा राहू शकत नाही. तिथे आपणच असतो.

आता छायाचित्रणाविषयी. घुबडाचे चांगले चित्र रात्री मिळत नाही, ते सूर्यास्ताच्या आसपासच्या पाऊण तासात मिळते, आणि या पाऊण तासाचेही दोन भाग पडतात. सूर्य मावळण्यापूर्वी पक्षी ढोलीच्या तोंडाशी अर्धवट डोळे मिटून बसलेला असतो. तेव्हा प्रकाश तिरपा आणि मऊ असतो, पिसांची घडण उमटते, घाई नसते. मावळल्यानंतर तो जागा होतो, पण प्रकाश मिनिटामिनिटाला कमी होत जातो. या वेळी ट्रायपॉडशिवाय पर्याय नाही. माझ्याकडे ४०० मिलिमीटरची जुनी लेन्स आहे, तिचे छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही. तरीही बसलेल्या पिंगळ्याचे चित्र मी सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत सावकाश शटरवर काढतो, कारण तो मधूनमधून दगडासारखा स्थिर होतो. एका दमात सात-आठ चित्रे घ्यावीत, त्यांतली एक-दोन तरी स्पष्ट निघतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नये. दाणेदार पण खरे चित्र हे गुळगुळीत पण हललेल्या चित्रापेक्षा चांगले. रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा रंग पूर्ण काढून टाकण्याचा आग्रहही मी धरत नाही, कारण शहरातला पिंगळा त्या उजेडातच जगतो. त्या दिव्याभोवती जमणारे किडे हे त्याचे रात्रीचे जेवण असते, आणि दिव्याच्या खांबावरून झेप घेणारा पिंगळा हे माझ्या मते पुण्याचे सर्वांत प्रामाणिक पक्षिचित्र आहे.

फ्लॅश वापरू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की पक्ष्याला काही काळ नीट दिसत नाही, आणि तेवढ्यात तो तारेला किंवा गाडीला धडकू शकतो. वाटेवर पाहण्यापुरती विजेरी लागली तर तिच्यावर लाल जिलेटीन कागद लावून ती पायाशी धरावी. शटरचा आवाज बंद करण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती वापरावी. कौलारूंनी कानांबद्दल लिहिले आहे, ते वाचल्यावर याचे कारण वेगळे सांगायला नको.

झाडांविषयी एक गोष्ट राहून गेली होती. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटताना ढोली असलेल्या वाळक्या फांद्या सर्वांत आधी जातात, कारण त्या धोकादायक दिसतात. शहरात झाड तोडायला किंवा छाटायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगी लागते. तुमच्या सोसायटीने अर्ज केला असेल, तर त्या फांदीत कोण राहते हे लेखी कळवावे आणि छाटणी पिल्ले उडाल्यानंतर करण्याची विनंती करावी. आमच्याकडे दोनदा अशी मुदत मिळाली आहे.

तानसाकाठ | १० डिसेंबर, सकाळी ६.३५

मी ठाण्याचा आहे, त्यामुळे पुण्याविषयी फारसे सांगू शकणार नाही. पण "शहराच्या आसपास" असा विषय निघाला आहे, म्हणून रानपिंगळ्याची आठवण करून देतो. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात पुन्हा दिसला. त्यानंतर मेळघाटात त्याचा अभ्यास झाला. आणि २०१४ साली तो थेट तानसा अभयारण्यात, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या रानात आढळला. ज्या रानात आम्ही लहानपणापासून सहलीला जात होतो तिथे हा पक्षी होता आणि कोणाला कल्पना नव्हती.

साध्या पिंगळ्याशी त्याचा घोटाळा होऊ शकतो. रानपिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, डोके आणि पाय आकाराने दणकट असतात, आणि तो बराचसा दिवसा वावरतो. निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर सकाळच्या उन्हात तो उघड्यावर बसतो. नदीकाठी म्हणतात तसे एका झाडापाशी शंभर वेळा जाऊन साधा पिंगळा अंगवळणी पडलेला असेल, तरच वेगळा पक्षी समोर आल्यावर डोळ्यांना तो खटकतो. मला तानसाला तो ओळखता आला, कारण त्याआधी आठ वर्षे मी आमच्या इमारतीसमोरच्या चिंचेवरचे पिंगळे पाहत होतो. माझे छायाचित्र लांबून काढलेले आणि धूसर आहे. अधिक जवळ जाण्याचा मोह झाला होता, पण तो ऊन घेत बसला होता, म्हणून मी जागेवरच थांबलो.

माळरान | १० डिसेंबर, रात्री ९.५०

तानसाकाठ, "ऊन घेत बसला होता, म्हणून मी जागेवरच थांबलो" हे वाक्य मी आमच्या गटातल्या मुलांना वाचून दाखवले.

नव्या लोकांसाठी एक जागा मी निःसंकोच सुचवतो. सासवडच्या आसपासच्या गवताळ माळांवर हिवाळ्यात आखूड कानांचे घुबड पाहुणे म्हणून येते. ते उत्तरेकडून येते, आपल्याकडे घरटे करत नाही, त्यामुळे घरट्याला त्रास होण्याचा प्रश्न येत नाही. ते जमिनीवर गवतात बसते आणि दुपार कलल्यावर गवतावरून सावकाश, लांब पंखांनी तरंगत शिकार करते. गाडी मातीच्या वाटेवर उभी करून आतच बसावे, खिडकीत तांदळाची छोटी पिशवी ठेवून तीवर लेन्स टेकवावी. माळावर गाडी घालू नये आणि गवतात पायी चालून पक्षी उठवू नये. दिवसभर विश्रांती घेणाऱ्या पक्ष्याला तीन-चार वेळा उठवले, तर तो ती जागाच सोडून जातो.

पशुवैद्य_निशा | १४ जानेवारी, रात्री ११.४५

आज संक्रांत. दिवसभरात माझ्याकडे चार पक्षी आले, त्यांत एक गव्हाणी घुबड आणि एक पिंगळा होता, दोन्ही नायलॉन मांजाने कापलेले. पिंगळ्याच्या पंखाचा स्नायू हाडापर्यंत कापला होता. झाडांवर अडकलेला मांजा पुढे कित्येक महिने तसाच राहतो आणि अंधारात उडणाऱ्या पक्ष्याला तो दिसत नाही. संध्याकाळी निरीक्षणाला जाताना आपल्या झाडावरचा मांजा हाताला येईल तेवढा तरी काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

छायाचित्रकारांनी आणखी तीन-चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिंगळ्याची पिल्ले झाडाखाली सापडतात आणि लोक ती खोक्यात घालून आमच्याकडे आणतात. त्यांतली बरीचशी पिल्ले धडधाकट असतात. नीट उडता येण्यापूर्वी ती ढोलीबाहेर येऊन फांदीवर बसतात आणि कधी खाली पडतात. जखम नसेल तर पिल्लू कापडात धरून जवळच्या फांदीवर ठेवावे, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवावे आणि दूर उभे राहून अंधार पडेपर्यंत वाट पाहावी. आई-बाप येतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लू टाकत नाहीत. जखमी पक्ष्याला पाणी पाजू नये, दूध तर मुळीच देऊ नये. हवेची भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

उंदरांच्या औषधाविषयीही लिहायला हवे. रक्त गोठू न देणारी औषधे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-चार दिवस सुस्तपणे उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच सहज सापडतो. विष मग घुबडाच्या यकृतात साठत जाते. शमी, तुमच्या डक्टमध्ये घुबड राहणार असेल, तर सोसायटीला अशी औषधे बंद करून पिंजरे लावायला सांगा.

शमी | ९ मार्च, रात्री ८.३०

तीन महिन्यांनी लिहीत आहे. सोसायटीत उंदरांचे औषध जानेवारीअखेर बंद झाले आणि आता आठ पिंजरे आहेत. कौलारूंनी सांगितल्याप्रमाणे ट्रेही बसवला आहे. सासूबाईंना आम्ही गोळीतली हाडे दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण आता रात्री आवाज आला की त्या मला उठवतात आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातला दिवा न लावता खिडकीशी उभ्या राहतो.

डक्टमध्ये चार पिल्ले आहेत आणि चौघांच्याही आकारात फरक आहे. सर्वांत मोठ्याच्या चेहऱ्यावर बदामाचा आकार आला आहे, सर्वांत धाकटे अजून नुसता पांढरा कापूस दिसते. मी छायाचित्र काढलेले नाही, कारण आमची खिडकी घरट्यापासून सात फुटांवर आहे आणि खिडकी उघडली की ती सगळी कोपऱ्यात सरकतात. त्याऐवजी मी वहीत वेळा लिहिते. काल संध्याकाळी ७.०४ ला मोठा पक्षी पहिल्यांदा आला, चोचीत चिचुंदरी होती. ७.३१ ला उंदीर, ८.१० ला पुन्हा उंदीर. त्यानंतर सासूबाई म्हणाल्या की पहाटेच्या वेळा त्या लिहितील, कारण त्यांना तसेही चारला जाग येते. आज सकाळी वहीत त्यांच्या अक्षरात ४.२० आणि ४.५५ अशा दोन नोंदी होत्या, आणि दुसरीपुढे "धाकट्याला मिळाले" असे लिहिले होते.